ज्याचा रवा त्याची शेवई

वाशीमकडच्या आमच्या मालेगावात शेवयांची मशीन तिघांकडे आहे, पण रांग एकाच दारात लागते. ते दार कमरुन्निसा आपांचं. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे माघ सरत आला की मशीनच्या घरघरीनं मला जाग येते आणि पुढचे चार महिने आपांचा आवाज मला पुन्हा झोपू देत नाही. बाई बासष्टची, अंगानं काटकुळी, पण गच्चीवरून बोलल्या तर बसस्टँडवरचा कंडक्टर दचकतो.

रांगेचं कारण त्यांच्या हाताची चव वगैरे नाही. शेवईला कसली आलीय हाताची चव? कारण असं की आपला रवा आपण नेऊन द्यायचा. आपा तो भिजवतात, मळतात, मशीनमधून काढतात आणि ओल्या शेवया बांबूच्या काठ्यांवर टांगून गच्चीवर वाळवतात. प्रत्येक घराच्या काठीला त्या घराची चिंधी बांधलेली. आमची चिंधी खाकी, कारण मी पोस्टमन होतो आणि निवृत्तीनंतर युनिफॉर्मचा तेवढाच उपयोग उरला होता. वही नाही, नंबर नाही. साठेक घरांच्या चिंध्या बाईंना तोंडपाठ, आणि नियम एकच, ज्याचा रवा त्याची शेवई. दुसऱ्याच्या घरची एक काडीदेखील तुमच्या पिशवीत यायची नाही.

मालेगावच्या माणसाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कोणी रेशनचा गहू दळला, कोणाच्या कोठीत किडे झाले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपला चांगला गहू चुकून शेजाऱ्याच्या पोटात जाऊ नये म्हणून आम्ही लोक जेवढे जागरूक असतो, तेवढे स्वतःच्या पोरांच्या अभ्यासाबाबत नसतो. एकदा एका वकिलाच्या बायकोनं पिशवीकडे संशयानं पाहिलं. आपांनी पिशवी तिच्या हातातून घेतली, तोलून तेवढाच बाजारचा रवा तिच्या ओटीत टाकला आणि पुढची तीन वर्षं तिला दारात उभं केलं नाही. चौथ्या वर्षी वकील स्वतः रवा घेऊन आला, आणि रांगेत उभा राहिला.

हे सारं उन्हाच्या भरवशावर चाललं होतं. मग ऊनच बेभरवशाचं झालं. फेब्रुवारीत गारा, मार्चमध्ये आभाळ, एप्रिलमध्ये सकाळी भट्टी आणि दुपारी चारला धो धो. दोन वर्षं आपांच्या काठ्या भिजल्या, शेवयांना बुरशी धरली, आणि दोन्ही वर्षी त्यांनी पदरचा रवा घालून लोकांच्या पिशव्या भरून दिल्या. तशा भरून देताना प्रत्येकाला सांगायच्या, "हे तुमच्या नाहीत बरं. तुमच्या पावसानं खाल्ल्या." लोक त्यावरही खूश. बाई खोटं बोलत नाही, एवढं कळलं की भिजलेली शेवईसुद्धा माणूस माफ करतो.

त्यांचा मुलगा इमरान मात्र खूश नव्हता. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे जगातली कोणतीही वस्तू बंद करून पुन्हा चालू केली की सुधारते, असा त्याचा विश्वास. त्यानं आईच्या धंद्याला हवामानाशी जुळवून घ्यायला लावायचं ठरवलं. सुरुवात फोनपासून झाली. रोज सकाळी तो गच्चीवर येऊन वाचून दाखवायचा. घरात त्यांची बोली उर्दू, पण भांडण मोहल्ल्याला ऐकू जावं असं असलं की आपा वऱ्हाडीत येतात.

"अम्मी, आज तीस टक्के पाऊस हाय."

"तीस टक्के म्हंजे मी किती काठ्या उचलू, ते सांग."

ते फोनला सांगता येईना. मग ताडपत्री आली. निळी, मोठी, चारी कोपऱ्यांना कड्या असलेली. पहिल्याच वादळात ती गच्चीवरून उडाली आणि थेट विजेच्या डीपीवर जाऊन बसली. अख्खा मोहल्ला दिवसभर बिनविजेचा. लाइनमननं ताडपत्री काढली आणि सरकारजमा केली, म्हणजे त्याच्या कडब्याच्या गंजीवर टाकली.

त्यानंतर एक संस्था आली. अशा संस्था आल्या की आधी बॅनर येतो, मग नाश्ता, मग माणसं. समाजमंदिरात बायकांना बोलावलं, मीही पोह्यांच्या वासानं गेलो. एक शिकलेली मॅडम पडद्यावर तक्ते दाखवत होती. म्हणाली, "हवामानाशी अनुकूलन करायचा खर्च आपण आज केला नाही, तर उद्या तो कितीतरी जास्त येईल."

आपा पहिल्याच रांगेत होत्या. "किती?" त्यांनी विचारलं.

"ते नक्की सांगता येत नाही."

"अन् आज केला तं किती?"

"तेही परिस्थितीवर अवलंबून आहे."

"मंग बाई, तुमाले मालूम काय हाय?"

सभागृह हसलं. मॅडमही हसली, कारण ती चांगली होती बिचारी, आणि तिनं वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी कळलं की अनुकूलनासाठी आपांचीच निवड झाली आहे. जो जास्त प्रश्न विचारतो त्याला लाभार्थी करून टाकायचं, ही युक्ती मला पोस्टात असताना सुचायला हवी होती.

लाभ म्हणजे सोलर ड्रायर. पारदर्शक पत्र्यांचं एक लांबट घर, आत जाळीचे बारा ट्रे, टोकाला उन्हावर चालणारा पंखा. पाऊस पडो, गारा पडोत, शेवया चार तासांत कडकडीत. आणि हे सगळं फुकट. फुकट हा शब्द इमराननं मोहल्ल्यात इतक्या वेळा उच्चारला की लोक त्यालाच फुकट म्हणू लागले.

फुकटचा ड्रायर जिन्यातून वर जाईना, म्हणून जिन्याचा कठडा फोडला. गच्चीचा उतार त्याला चालेना, म्हणून सिमेंट टाकून गच्ची सपाट केली. मग पावसाचं पाणी खाली जायच्या ऐवजी भिंतीत मुरू लागलं, आणि ती भिंत अर्धी माझी. ड्रायरनं गच्ची व्यापली म्हणून उन्हाळ्यात वर झोपणारं कुटुंब खाली पत्र्याच्या खोलीत आलं. तिथं जीव घाबरा व्हायला लागला म्हणून कूलर आला, कूलरला पाणी लागतं म्हणून टाकी आली. संस्थेच्या इंजिनिअरला प्रत्येक वेळी इमराननं विचारलं, अजून किती पैसे लागतील? त्यानं प्रत्येक वेळी सांगितलं, अंदाज बांधणं कठीण आहे. एवढा मोठा पगार घेऊन अंदाज न बांधणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी इमराननं मोटारसायकल विकली आणि दुकानात पायी जाऊ लागला. प्रकृतीला बरं असतं, म्हणायचा.

आपांचं दुखणं वेगळंच होतं. ड्रायरला काठी चालत नव्हती, ट्रे लागत होता. ट्रेमध्ये चिंधी ठेवली तर ती पंख्याकडे उडून जायची. इमराननं चिंध्या एका डब्यात बंद केल्या आणि नंबरांचे स्टिकर आणले. शिवाय पंख्याला भरलेला ट्रे मानवायचा. कोणाचा तीन किलो, कोणाचा दीड, अर्धे ट्रे ठेवले की वारा तिथूनच निघून जायचा आणि बाकीचे ओले राहायचे. आपा अर्धा ट्रे अर्धाच ठेवायच्या. इमरान कपाळाला हात लावायचा.

"अम्मी, शेवई ते शेवई. मिसळल्या तं काय बिघडते?"

"तुह्या दुकानात याचा फोन त्याले देतं काय?"

वाद आपांनी जिंकला. पण ड्रायर इमरानकडे होता.

मे महिन्यात संस्थेनं आपांचा वाशीमला सत्कार ठेवला. हवामान-सक्षम उद्योजिका, असं प्रमाणपत्र, शाल, नारळ आणि कुंडीतलं एक रोप. मागच्या बॅनरवर ड्रायरशेजारी उभ्या हसऱ्या बाईचा फोटो होता. ती कोणी दुसरीच, बहुधा दुसऱ्या राज्यातली. आपा सकाळी सहाच्या गाडीनं गेल्या, आणि घरचं काम इमरानवर सोपवून गेल्या.

त्या दिवशी बारा घरांचा रवा होता. आमचा चार किलो. आणि हिरीबाईचा पाच किलो.

हिरीबाई म्हणजे शेलूबाजारच्या पलीकडच्या तांड्यावरची बंजारा बाई. दर उन्हाळ्यात दोन जीपा बदलून रवा घेऊन येते, फक्त आपांकडे. तिचा गहू बन्सी. आता बन्सी कोणी पेरत नाही. पीक कमी येतं, बाजारात कोणी विचारत नाही. ती आणि तिचा नवरा रामधन अर्ध्या एकरात घरापुरता पेरत आले. त्याच्या शेवया पिवळसर होतात आणि शिजल्या तरी काडी न् काडी मोकळी राहते. यंदा हिरीबाई रवा देताना आपांना दोनदा सांगून गेली होती, "आपा, निता पयल्या बाळंतपनाले आली हाय. हे तिच्यासाठी. नीट कर जो." निता म्हणजे तिची एकुलती एक मुलगी.

इमराननं नीट केलं. त्यानं पंख्याला मानवतील असे ट्रे भरले, उरलेली जागा हाताला लागेल त्यानं भरून काढली. दुपारी उन्हानं जोर धरला, ड्रायर इतका तापला की स्टिकरचा डिंक सुटला आणि बाराही नंबर खाली जाळीवर येऊन पडले. इमरान गोंधळला नाही. त्यानं सगळे ट्रे एका मोठ्या चादरीवर उलटले, वजन केलं आणि ज्याचा जितका रवा तितक्या शेवया वरवरून उचलून पिशव्यांत भरल्या, हिरीबाईची पिशवी सगळ्यात शेवटी, तळाच्या शेवयांची. हिशेबात एक ग्रॅमचा फरक नाही. संध्याकाळच्या आत अकरा घरांनी पिशव्या नेल्या. मीही नेली.

माझ्या बायकोनं, ललितानं पिशवी उघडली आणि म्हणाली, "अहो, ह्या आपल्या नाहीत. पिवळ्या आहेत काही."

मला एका क्षणात कळलं कोणाच्या ते. मी पोस्टमन माणूस, चौतीस वर्षं शेलूबाजारच्या पोस्टातून त्या तांड्यावर मनीऑर्डरी दिल्या, हिरीबाईच्या घरी चहा प्यालो, बन्सीच्या शेवया खाल्ल्या. मी ललिताला म्हटलं, "कर मुकाट्यानं. अशा मिळतात कुठं आता?"

दुधातल्या केल्या. पांढऱ्या विरघळल्या, पिवळ्या तेवढ्या राहिल्या. मी दोनदा वाढून घेतलं.

आपा रात्री शाल पांघरून परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तेव्हा हिरीबाई तिची पिशवी न्यायला आली. आमच्या भिंतीच्या अलीकडे सगळं ऐकू येतं.

"आपा, ह्या अशा पांढऱ्या काहून?"

मी ब्रश तोंडात धरून उभा राहिलो. आता बाई इमरानला हाक मारणार, मोहल्ला गोळा करणार, अकरा घरांच्या पिशव्या परत मागवणार, अशी माझी खात्री होती. आमच्या घरच्या पिशवीत तेव्हा तीन किलोच्या वर शिल्लक होतं.

"नवी मशीन हाय न बाई," आपा म्हणाल्या. "तिच्यात रंग उतरते."

"असं व्हय?" हिरीबाई म्हणाली. आणि गेली.

एवढ्या वर्षांत त्या बाईच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. का बोलल्या, ते मला तेव्हाही कळलं. पोराला चारचौघांत चोर ठरवायचं, की सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी स्वतः तोंड काळं करून घ्यायचं? बाईंनी तिसरी वाट धरली. मी गुळणी टाकली आणि आत जाऊन पेपर वाचला. मला चौथी वाट होती, भिंतीवरून हाक मारायची आणि पिशवी पलीकडे द्यायची. मी ती धरली नाही, कारण शेवया फार छान होत्या. यापेक्षा मोठं कारण असतं तर मी तेही सांगितलं असतं.

मग तीन आठवडे भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मशीन चालायची, पण आपा कोणावर ओरडेनात. रांगेत कोणी पुढं घुसलं तरी बघत राहायच्या. ड्रायरमधले ट्रे त्यांनी एक दिवस काढून टाकले आणि आत आडव्या काठ्या बांधून घेतल्या. इंजिनिअर येऊन म्हणाला, यानं वाळायला दुप्पट वेळ लागेल आणि बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. आपांनी त्याला चहा दिला. इमराननं डोक्याला हात लावला आणि पायी दुकानात गेला. मला खरं तर आता झोप चांगली लागायला हवी होती. ती लागत नव्हती, आणि त्याचा मला राग येत होता.

एका सकाळी आपा आमच्या दारात आल्या. "पोस्टवाले भाऊ, तुमाले हिरीबाईच्या तांड्याचा रस्ता मालूम हाय. चलता काय?"

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. सुचायला हवं होतं, एरवी दहा सुचतात.

शेलूबाजारला जीप बदलली. दुसऱ्या जीपमध्ये आम्ही मिरचीच्या पोत्यांवर बसलो. तांड्यावर हिरीबाई ओट्यावर हरभरा निवडत बसली होती. आतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं. तिनं आम्हाला बघून आनंदानं पाणी आणलं, गूळ आणला. आपांनी पाण्याला हात लावला नाही.

"हिरीबाई, तुह्या शेवया बदलल्या होत्या. माह्या पोरानं साऱ्या एकात मिसळल्या. रंगबिंग काही उतरत नाही. मी तुह्याशी खोटं बोलली."

हिरीबाईचे हात सुपात थांबले.

"मंग निता बरोबर बोलून राह्यली होती," ती म्हणाली. "पोरगी पयल्याच घासाले म्हने, माय, हे आपल्या नाहीत. मी तिले झापलं आपा. म्हनलं, कमरुन आपा कधी खोटं बोलते काय? बाळंतिनीची जीभ बदलते, तुहीच बदलली. बिचारीनं मंग काही न बोलता खाल्ल्या."

आपांनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "पुढच्या साली तू रवा आन. मी उन्हात, काठीवर, माह्या हातानं वाळवून देईन. राखन करत बसीन वाटलं तं."

"पुढच्या साली कायचा रवा आनू?" हिरीबाईच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "दोन साल झाले, बन्सीचा दानाच भरत नाही. थंडी पडत नाही अन् माघातच ऊन तापते. सुरकुतून जाते सारं. हे म्हनले, आता तिथं हरबराच पेरू. मंग बी तरी कायले ठेवाव? बियाचाबी रवा केला मी. म्हनलं, जाताजाता पोरीच्या तोंडी तरी जाईन."

आपांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला किती खर्च येतो, हे त्या मॅडमला सांगता आलं नव्हतं, इंजिनिअरला सांगता आलं नव्हतं. मी त्या दोघांना अख्खा उन्हाळा चहाच्या टपरीवर हसलो होतो. आता शेलूबाजारपलीकडच्या एका ओट्यावर बसून मला त्यातला एक भाग चांगलाच कळत होता, आणि तो माझ्या पोटात गेला होता.

"कोनी खाल्ल्या असतीन कोन जाने," हिरीबाई सूप हलवत म्हणाली. "अकरा घरी थोड्याथोड्या गेल्या असतीन. कोनाले कळलंबी नसन."

"मला कळलं," मी म्हटलं.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. एकदा तोंड उघडल्यावर मग थांबता येईना. पिशवी आणली ते सांगितलं, ललितानं ओळखलं ते सांगितलं, दोनदा वाढून घेतलं तेही सांगितलं. सकाळी भिंतीमागं उभा होतो, हे सांगताना मी आपांकडे पाहिलं नाही.

"तुमाले मालूम होतं?" आपांचा आवाज बारीक निघाला. तसा मी तो कधी ऐकला नव्हता. "मी तिथं एकली मरून राह्यली होती, अन् तुमी भिंतीच्या पल्याड बसून खात होते?"

मी मान हलवली.

"उरल्या काय थोड्या?" हिरीबाईनं विचारलं.

उरल्या नव्हत्या. शेवटच्या ललितानं परवाच केल्या होत्या, जावई आले म्हणून. मी तसं सांगितलं.

हिरीबाई उठली आणि दारातून आत हाक मारली. निता बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आली, डोक्याला रुमाल बांधलेली, चेहरा उतरलेला. मला ओळखून हसली. लहानपणी मी तिला जुनी तिकिटं द्यायचो.

"इले सांगा," हिरीबाई मला म्हणाली.

मी गुळाच्या ताटलीकडे हात नेला.

"बोला की," आपा म्हणाल्या. "सालभर साऱ्या गावाले हसून राह्यले तुमी. आता बोला."

मी सांगितलं. तुझ्यासाठी केलेल्या शेवया होत्या त्या मी खाल्ल्या, तू खाल्ल्यास त्या दुसऱ्याच होत्या, असं साध्या शब्दांत. निता ऐकत होती आणि बाळाच्या पाठीवर हात फिरवत होती. माझं संपल्यावर ती आईकडे वळली.

"माही जीभ बरोबर होती, माय," ती म्हणाली, आणि बाळाला घेऊन आत गेली.